मदहा: जिथे अण्णांना सीमेवर कोणीच अडवलं नाही

चौथ्या टेस्टला दुबईचं लायसन्स मिळालं आणि मी त्याच संध्याकाळी घोषणा केली, "अण्णा, शुक्रवारी डोंगर ओलांडून फुजैरा!" साल २००३, महिना डिसेंबर, गाडी सेकंडहँड, पण एसी फर्स्टक्लास. मला तर आनंदाने रात्रभर झोपच लागली नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील, फौजेतून रिटायर झालेले हवालदार. अर्धी नोकरी सीमेवरच्या चौक्यांवर काढलेली. संगमेश्वरहून व्हिजिट व्हिसावर आले, ते बॅगेत पोहे, कोकम आणि एक वकीलपत्र घेऊन. दत्ताकाका, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, पाण्याला आमच्या बागेतून विहिरीवर येतो. अण्णांना मधे दगडांचा गडगा घालून वाट बंद करायची होती आणि वर कोर्टात दावाही लावायचा होता. सातबाऱ्यावर माझंही नाव, म्हणून माझी सही हवी. ज्या काकाच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिल्या, त्याच्यावर केस! दोन महिने मी "बघू, इन्शाल्ला" म्हणत टाळलं. आता आठवडाच उरला होता. त्या शुक्रवारीही कागद अण्णांच्या शर्टाच्या खिशात होताच.

दुबईतल्याच देराहून सलीमभाईंना उचललं. हे रत्नागिरीचे, बारा वर्षं धक्क्यावर मालाच्या गलबतांचा हिशोब सांभाळणारे, अरबी फर्डा. सकाळी सातला निघालात तर रस्ता मोकळा मिळतो. पेट्रोल चाळीस दिरहमचं, म्हणजे पाचशे रुपये, आणि त्यात जाऊन-येऊन भागतं. धैदनंतर लाल वाळू, मग अचानक उघडेबोडके डोंगर! मसाफीच्या बाजारात गालिचे बघा, घेऊ नका. चहा आणि ऑम्लेट-पराठा मात्र घ्याच.

चहावर सलीमभाईंनी विषय काढला. "अण्णा, लहान मुल्काला फौज हवी कशाला? कोस्टारिकाने तर काढूनच टाकली. शेजाऱ्यांशी बनवून ठेवायचं, खलास."

"आणि शेजारीच उलटला तर?" अण्णा कडाडले.

"कुवेतकडे फौज होती की! तरी नव्वद साली माझा मेव्हणा तिथून नेसत्या कपड्यांनिशी पळाला."

अण्णांनी पराठा रागाने तोडला.

फुजैराचा किल्ला पाहून आम्ही किनाऱ्याने खोरफक्कानकडे निघालो. खोरफक्कानच्या अलीकडेच डावीकडे एक फाटा दिसला आणि मी उत्साहाच्या भरात गाडी आत घातली. हिरवी खजुरी, स्वच्छ रस्ता, वा! पाच मिनिटांनी अण्णा म्हणाले, "थांब. नंबरप्लेटी पिवळ्या झाल्यात. झेंडाही वेगळा आहे."

सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. "हबीबी, हे मदहा. ओमान आहे हे!"

माझी बोबडीच वळली. अण्णांचा व्हिसा एकदाच आत येण्याचा. देशाबाहेर पडलो म्हणजे तो संपला का? मी गाडी वळवणार, तोच अण्णांनी माझा हात धरला. "विनापरवाना सीमा ओलांडली. चौकीवर रिपोर्ट केल्याशिवाय मागे फिरायचं नाही." त्यांच्यापुढे कोणाचं चालणार? शोधत शोधत पोलीस चौकी गाठली. अण्णा दारात ताठ उभे राहिले, सॅल्यूट ठोकला, पासपोर्ट पुढे केला आणि फौजी हिंदीत गुन्हा कबूल केला.

आतला म्हातारा हवालदार आधी गोंधळला, मग पोट धरून हसला. "बाबा, यहाँ गेट ही नहीं है. तुमने तोड़ा क्या?" पासपोर्ट न उघडताच परत दिला. मग कावा, म्हणजे बिनदुधाची अरबी कॉफी आली, खजूर आले.

अण्णांचं समाधान होईना. "आपकी फौज किधर है?"

"फौज उधर, ओमान में. बीच में दूसरा मुल्क."

"लड़ाई हुई तो?"

"किससे? मेरी बीवी उस तरफ़ की है." त्याने सांगितलं, की जुन्या काळी इथल्या वडीलधाऱ्यांना विचारलं होतं, कोणाकडे जाणार? त्यांनी पाण्याचा विचार केला आणि ओमानच्या सुलतानाला निवडलं. पलीकडच्या नहवा गावाने शारजाला. "झंडे दो हैं, बाबा. पानी का रास्ता किसी ने बंद नहीं किया."

अण्णांनी हातातला कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. कावा कधीच संपला होता.

तुम्ही गेलात तर नहवा चुकवू नका. मदहाच्या पोटात पुन्हा अमिरातीचा तुकडा! आम्ही दीड तासात चार वेळा सीमा ओलांडली, आणि दर वेळी मी लहान पोरासारखा ओरडलो, "आता ओमान! आता शारजा!" एक सावधगिरी: गाडीचा विमा तिकडे चालतो का, ते आधी विचारा. मी विचारलं नव्हतं.

परतताना सलीमभाई घोरत होते. अण्णा बाहेर बघत म्हणाले, "एका चौकीवर मी तीन वर्षं होतो. समोर सीमेपलीकडच्यांची विहीर. बाया घागरी घेऊन यायच्या आणि मी दुर्बिणीतून त्या मोजायचो. तेच काम होतं." मग म्हणाले, "ते काम चुकीचं नव्हतं." मी म्हटलं, "नव्हतंच, अण्णा." सगळ्याच लहान जागांचं नशीब मदहासारखं नसतं, हे मलाही कळत होतं.

एअरपोर्टवर त्यांनी खिशातून वकीलपत्र काढलं. अण्णांनी कागदाची घडी उलगडली, त्यात मदहाच्या उरलेल्या खजुरांची पुडी बांधली आणि बॅगेत टाकली. "दत्त्याला नेतो," एवढंच बोलले.

मे महिन्यात मी रजेवर गेलो. गडगा झालेला! चांगला छातीएवढा, अण्णाच ते. पण विहिरीच्या वाटेवर मधे बांबूचं बेडं, म्हणजे फाटक होतं. मी ढकलून पाहिलं.

"अण्णा, याला कडी नाही?"

"दत्त्याचे दोन्ही हात घागरींनी भरलेले असतात," अण्णा म्हणाले. "कडी काढणार कोण?"