भिंतीवरची जहाजं

आमचं लग्न ठरलं तेव्हा हे भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. समुद्र यांनी तोवर एकदाच पाहिला होता, अलिबागला, मित्राच्या लग्नाला गेले असताना. लग्नाला दीड वर्ष होतंय तोच वर्कशॉपच्या मालकानं शेड विकून टाकली. त्याच सुमारास ओळखीतल्या एकानं सांगितलं, की परदेशातल्या एका क्रूझ कंपनीला जहाजांच्या इंजिनखात्यात फिटर हवेत आणि मुंबईत मुलाखती चालू आहेत. हे गेले, तिथल्या लेथवर एक बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारी धातूची नळी, काढून दाखवला आणि पास झाले. घरी येऊन म्हणाले, "अगं, नऊ महिन्यांचा करार आहे. एकदाच जाऊन येतो."

त्या एकदाच जाण्यात चोवीस वर्षं गेली.

कंपनी तेव्हा मोठी नव्हती. पहिल्या खेपेहून परतल्यावर यांनी मला तिची गोष्ट सांगितली, ती अजून लक्षात आहे. सुरुवातीला मालकाकडं एकच जहाज होतं, तेही दुसऱ्यांनी वापरून सोडलेलं. पूर्वी लोक त्यातून या खंडातून त्या खंडात जायचे. विमानं आली आणि ती जहाजं रिकामी पडली. या माणसानं जुनं जहाज घेतलं, त्याला रंग दिला, माल ठेवायच्या जागेत नाचगाण्याचा हॉल केला आणि जाहिरात दिली, की कुठं पोचायचं म्हणून येऊ नका, जहाजावर राहायलाच या. लोक आले. मग दुसरं घेतलं, तेही जुनंच. हे रुजू झाले तेव्हा चार जहाजं होती आणि यांच्या वाट्याला त्यातलं सगळ्यात म्हातारं आलं होतं. त्याचे सुटे भाग बाजारात मिळायचे बंद झाले होते.

"म्हणून तर आपल्याला घेतलं," हे म्हणायचे. "भोसरीचा माणूस. पार्ट मिळत नसला तर बनवून देतो."

दर सुट्टीत हे घरी यायचे तेव्हा कंपनी थोडी वाढलेली असायची. जुन्या जहाजांच्या जोडीला नवी कोरी बांधून घेतलेली आली. आधी मजले वाढले, मग पोहण्याचे तलाव, मग म्हणे जहाजावर बर्फावरून घसरायची जागासुद्धा झाली. इकडं मुलगी झाली आणि आम्ही भोसरीच्या भाड्याच्या खोलीतून संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत आलो. मी दिघीच्या एका शाळेत शिकवायला लागले. आप्पा, म्हणजे माझे सासरे, गेल्यावर सासूबाई बीडकडचं घर बंद करून आमच्याकडं राहायला आल्या. जहाज वाढल्याचं कळलं की त्या म्हणायच्या, "आता पुरं म्हणावं की तुझ्या मालकाला! किती जहाजं लागत्यात एका माणसाला?"

फोन रविवारी सकाळी यायचा. पहिल्या दोन मिनिटांत सगळ्यांची तब्येत, मग मुलीचा अभ्यास, मग कार्डावरची मिनिटं संपायची. सुट्टीत हे घरी असले तरी फार काही वेगळं नसायचं. इमारतीतला एकूण एक गळका नळ हे दुरुस्त करायचे, शेजाऱ्यांचे पंखे उघडायचे, पण बोलणं जेवढ्यास तेवढं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की माझा नवरा अबोल आहे.

मुलगी दहावीत होती त्या वर्षी कंपनीचं एक नवं जहाज युरोपातून पूर्वेकडं जाताना मुंबईला एक दिवस थांबणार होतं. हे त्याच जहाजावर होते. जहाजावरच्या भारतीय लोकांच्या घरच्यांना आत येऊन बघायची परवानगी मिळाली होती. मी शाळेत रजा टाकली. सासूबाईंनी आदल्या दिवशी धपाटे केले, तिळाची चटणी केली, आणि आम्ही तिघी पहाटेच गाडी करून निघालो.

बंदराच्या गेटवर डबा अडवला. तिथला माणूस नम्रपणे म्हणाला, "आजी, घरचं खाणं आत न्यायला परवानगी नाही."

"लेकरासाठी आणलंय," सासूबाई म्हणाल्या.

"नियम आहे, आजी."

"मग त्याला हितं बोलव."

आणि त्या डबा मांडीवर घेऊन सरळ खुर्चीत बसल्या. निरोप गेला. थोड्या वेळानं हे आले, अंगात निळा बॉयलर सूट, हाताला ग्रीसचा वास. सोबत यांचा वरिष्ठ इंजिनिअर होता, उंच, पांढऱ्या केसांचा ग्रीक माणूस. यांनी उभ्याउभ्या धपाट्याचा तुकडा मोडून चटणीला लावला आणि अर्धा त्या साहेबाला दिला. तिखटानं साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं दुसरा मागितला. सासूबाई खूश झाल्या. मला म्हणाल्या, "बघ, साहेब असून कसं खातंय."

मग आम्ही आत गेलो. वरच्या मजल्यावरची झुंबरं आणि काचेच्या लिफ्ट बघून मुलगी हरखून गेली. मला मात्र खालचा मजला आठवतो. जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रुंद, सरळ रस्ताच होता. त्यावरून कपड्यांच्या गाड्या, भाज्यांचे क्रेट, शिफ्टला निघालेली माणसं, सगळं एमआयडीसीसारखं चाललेलं. आणि प्रत्येक जण यांना हाक मारत होता. कुणी फिलिपिनो, कुणी गोव्याचा, कुणी इंडोनेशियाचा. हे प्रत्येकाशी थांबून बोलत होते. एकाला चिडवलं, एकाला आईच्या ऑपरेशनचं विचारलं, आणि कुणाच्या तरी बोलण्यावर मान मागं टाकून मोठ्यानं हसले. असं हसताना मी यांना कधी पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण आत काहीतरी टोचलं. इतकी वर्षं हा माणूस बोलत होता, फक्त इथं बोलत होता.

त्या रस्त्याच्या एका भिंतीवर कंपनीच्या जहाजांचे फोटो ओळीनं लावले होते. पहिलं ते जुनं, मग दुसरं, अशी आत्ताच्या जहाजापर्यंतची सगळी. हे मुलीला दाखवायला लागले. मला वाटलं, लांबी-रुंदी सांगतील.

"हे आलं तेव्हा तुझी आई बी.एड. करत होती," हे म्हणाले. "याच्या पहिल्या फेरीत तू झालीस. मला तीन दिवसांनी कळलं. हे नवीन असताना तुला गोवर आला होता. आणि इथं आपण संत तुकाराम नगरात राहायला आलो. मी तेव्हा नव्हतो, सामान तुझ्या आईनं हलवलं."

मी ऐकतच राहिले. आमच्या संसाराचा एकेक दिवस यांनी त्या भिंतीवर लावून ठेवला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

एका फोटोपाशी हे काही न बोलता पुढं सरकले. सासूबाई थांबल्या. "ह्ये कोणतं रे?"

"आई, चल पुढं."

"सांग की."

यांनी खाली बघितलं. "आप्पा गेले तेव्हाचं. चार दिवस किनाराच नव्हता."

तिथं गाड्यांची खडखड चालू होती. सासूबाई फोटोजवळ गेल्या. चष्मा वर करून त्यांनी जहाज नीट पाहिलं. मग यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "चांगलंय की जहाज. मजबूत दिसतंय."

यांनी तोंड फिरवलं. मी मुलीला घेऊन मुद्दाम पुढं गेले.

संध्याकाळी जहाज सुटायच्या आधी आम्हाला उतरावं लागलं. परतीच्या गाडीत सासूबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. मी लोणावळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होते. यांच्याशी भांडायचं म्हणून जे काही मी वर्षानुवर्षं जमवलं होतं, त्यातलं बरंचसं त्या दिवशी माझ्याकडं उरलं नाही.

पुढं साथीचं वर्ष आलं. प्रवासी नसलेली जहाजं समुद्रात नांगर टाकून उभी राहिली आणि हे सात महिने त्यातच अडकले. तेव्हा व्हिडिओ कॉल होता, वेळही होता. यांनी पहिल्यांदा मला इंजिनखोलीतली माणसं एकेक करून सांगितली. मी शाळेतली माणसं सांगितली. त्याच काळात कंपनीनं जुनी जहाजं भंगारात काढली. यांचं म्हातारं जहाज गुजरातच्या किनाऱ्यावर तोडायला गेलं, तेव्हा हे एवढंच म्हणाले, "मी काढलेले बुश शेवटपर्यंत चालले."

साथ सरली, कंपनी पुन्हा उभी राहिली, आधीपेक्षा मोठी जहाजं पाण्यात उतरली. यांना बोलावणं आलं. यांनी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणून कळवलं. मग चाकणच्या एका कारखान्यात देखभालीचं काम धरलं. जनरल शिफ्ट, कंपनीची बस.

पहिल्या दिवशी हे सकाळी निघाले तेव्हा मी सवयीनं बॅगेत जास्तीचे मोजे, औषधांची पट्टी, लोणच्याची बाटली भरली. हे बघत राहिले. "अगं, चाकणला चाललोय," म्हणाले.

संध्याकाळी सव्वासहाला बेल वाजली. दार उघडलं तर हे उभे. इतक्या लवकर परत आलेल्या माणसाशी काय बोलावं, मला सुचेना. हेच चपला काढता काढता म्हणाले, "बसमध्ये एक तुमच्या दिघीचाच आहे. इतका बोलतो, इतका बोलतो... थांब, आधी चहा टाक, मग सांगतो."