उद्यानातून बाहेर न पडलेला माणूस

चोऱ्या-मारामाऱ्या पुष्कळ हाताळल्या, पण अजून डोक्यातून जात नाही ती फिरायला गेलेल्या एका आजोबांची मिसिंगची तक्रार. मिरा रोडला नेमणूक होती आणि निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं.

सकाळी अकराच्या सुमारास पूनम सागर वसाहतीतला एक नोकरदार धापा टाकत ठाण्यात आला. "सर, पप्पा रोज गार्डनमध्ये चालायला जातात, नऊला घरी येतात. आज आलेच नाहीत. मोबाइल घरीच ठेवून जातात."

वडील बहात्तरचे, मूळ रत्नागिरीकडचे, हृदयाचं ऑपरेशन झालेले. मिसिंग नोंदवून घेतली, फोटो घेतला. पांढरी टोपी, निळा टी-शर्ट, हसरा चेहरा. हवालदाराला हॉस्पिटलं पालथी घालायला पाठवलं आणि मुलाला घेऊन मी उद्यान गाठलं.

उद्यान चांगलं मोठं. चालायचा ट्रॅक, ओपन जिम, घसरगुंड्या, मध्ये तलाव. आजोबांचा चालणाऱ्यांचा ग्रुप अजून बाकांवर गप्पा मारत बसला होता. त्यातले एक गुजराती काका म्हणाले, "अंकल? वो तो चार महिने से आते ही नहीं. हमको लगा गाँव गए."

"असं कसं?" मुलगा म्हणाला. "रोज घामाघूम होऊन घरी येतायत!"

आता माझं कुतूहल जागं झालं. चार महिने हा माणूस रोज तीन तास जात होता कुठे? काही भानगड, की कोणी म्हाताऱ्याला फसवतंय? पोलिसाचं डोकं आधी वाईटाकडेच धावतं.

गेटवरच्या सुरक्षारक्षकाने मात्र वेगळीच खबर दिली. "टोपीवाले बाबा ना? रोज येतात की. आज पण आले." केबिनमध्ये सीसीटीव्ही पाहिला. पावणेसहाला पांढरी टोपी आत आली होती. बाहेर पडताना कुठेच दिसेना. म्हणजे माणूस आतच होता. मुलाने खिडकीतून तलावाकडे पाहिलं आणि तो दाराकडे धावला. त्याला केबिनमध्येच बसवून मी तलाव शोधायला अग्निशमन दलाला फोन केला.

गाडी येईपर्यंत विचारपूस चालू ठेवली. नारळपाणीवाला झाला, सफाईवाल्या बायका झाल्या. तलावाकाठच्या वाफ्यात माळी ओळीने उकिडवे बसून रोपं लावत होते. फोटो हातात धरून ओळीवरून फिरलो. माना नाही म्हणून हलल्या, मी पुढे गेलो.

त्यांचा मुकादम नवघरचा. तो माझ्या नजरेला नजर देईना. "न्हाय बघितला, साहेब."

सवयीने विचारलं, "माणसं किती तुमची?"

"सहा हायेत."

हजेरीचं पुस्तक मागवलं. त्यातही सहाच. वाफ्यात वाकलेल्या पाठी मोजल्या, त्या भरल्या सात. मुकादमाचा चेहराच पडला. "माझी नोकरी जाईल, साहेब. बाबा स्वतःहून येतात, पैसा घेत न्हायत."

सातवी पाठ मुकादमाने दिलेल्या खाकी शर्टातली होती, टोपीच्या जागी डोक्याला पंचा बांधलेला. जुना ग्रुप रोज जवळून फेऱ्या मारायचा, पण मातीत बसलेल्या माळ्याला कोणी ओळखलं नव्हतं.

"चुकलंच माझं," आजोबा म्हणाले. "पण गोल गोल फिरून मी परत गेटाशीच यायचो, साहेब. घरी वाकू देत नाहीत. मी वाकतो म्हणून बाल्कनीतल्या कुंड्यासुद्धा काढून टाकल्या. आज टेम्पोभर रोपं आली, उन्हात मेली असती. वेळेचं भानच राहिलं नाही."

निरोप मिळताच मुलगा केबिनमधून धावत आला. आधी ओरडला, मग वडिलांना मिठी मारून रडला. डोळे पुसून मुकादमाला म्हणाला, "डॉक्टर हो बोलले, तर येऊ द्याल ना त्यांना?" मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी तलावाकडे पाहत राहिलो.

अग्निशमनची गाडी परत पाठवली. स्टेशन डायरीत 'सदर इसम उद्यानातच सुखरूप मिळून आले' एवढंच लिहिलं. काय करताना मिळाले ते लिहिलं नाही, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते वेगळंच. निघताना आजोबांना विचारलं, "मी फोटो दाखवला तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलणारच होतो. हात पुसून उठेपर्यंत तुम्ही पुढच्याकडे गेलात. मग मुकादमाची नोकरी आठवली आणि परत बसलो."

हरवलेल्या माणसाचा फोटो मी त्याच माणसासमोर धरला होता. धरताना मी फोटोकडे बघत होतो. त्याच्याकडे नाही.