आधी मुजरा, मग नजर

उज्जैनमध्ये महाकालाच्या खालोखाल स्वतःच्या प्राचीनतेबद्दल कुणाची खात्री असेल, तर ती माझ्या साडूंची. नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात केली आणि राहतात नानाखेड्याला बसस्टँडमागच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये; पण ओळख करून देताना यांतलं काहीच सांगत नाहीत. "आम्ही चित्तेखान्याचे," एवढंच म्हणतात आणि ते पचायला समोरच्याला थोडा वेळ देतात. त्यांचे खापरपणजोबा म्हणे दरबारचे शिकारी चित्ते सांभाळणाऱ्या खात्यात होते. होते म्हणजे नेमकं काय करत होते, असं मी एकदा विचारलं. चित्त्यांचं मटण तोलून घेत असावेत, असा माझा अंदाज होता. "पाहुणे," ते शांतपणे म्हणाले, "तोलायला माणसं होती. आमचा मान होता." मान कशाचा, हे मला आजवर कळलेलं नाही. पण मान हा असतो तो असतोच, त्याला कशाचा तरी असावं लागत नाही, हे मात्र मी त्यांच्याकडून शिकलो.

या मानापायी त्यांनी काय काय सोसलं आहे! फ्रीगंजमधल्या एका लग्नात बुफे होता. सगळे ताटल्या घेऊन श्रीखंडावर तुटून पडले, आणि साडू रिकामी ताटली छातीशी धरून खांबाजवळ उभे. दरबारी माणूस स्वतः वाढून घेत नाही, त्याला यजमानानं नावानं पुकारावं लागतं. यजमान तेव्हा बँडवाल्याशी भांडत होता. पुऱ्या संपल्या, श्रीखंड संपलं, पानाचं तबक फिरलं. शेवटी त्यांनी ती कोरी ताटली ठेवून दिली आणि वधूवरांना पोटभर आशीर्वाद देऊन घरी परतले. घरी ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, त्यांना गरम खिचडी वाढली. अर्थात, नावानं पुकारून.

पण या सगळ्या डामडौलात एक दुखरी जागा होती. दर दसऱ्याला त्यांच्या घरी चित्त्याचं एक फिकट चित्र पाटावर मांडतात आणि घरातला कर्ता पुरुष त्याला तीन मुजरे करतो. त्यालाही नियम आहे: सेवकानं धन्याच्या जनावराकडे आधी बघायचं नाही. आधी मुजरा, मग नजर. आजोबांनी केले, वडिलांनी केले, साडू करत आले. आणि मधल्या काळात चित्ता हा प्राणीच देशातून नाहीसा झाला. तीन पिढ्या कागदासमोर वाकल्या. "वडील शेवटच्या आजारात म्हणाले होते," साडू एकदा बोलून गेले, "जन्मभर चाकरी सांगितली, पण धन्याचं तोंड नाही पाहिलं." हे सांगताना ते मला पाहुणे म्हणायलाही विसरले.

त्यामुळे आफ्रिकेतून चित्ते आणून आपल्याच प्रदेशात सोडले, तेव्हा उज्जैनला पाय जमिनीवर नसलेला माणूस एकच होता. टावर चौकात कुण्या हौशी मंडळानं चित्त्यांच्या स्वागताचा फलक लावला. साडू तिथे तासभर ठाण मांडून बसले, कारण चित्र बिबट्याचं होतं. "चित्त्याच्या गालावर काळी रेघ असते! ये तो तेंदुआ है!" फलकवाला समजूतदार होता. "अंकल, टेंशन मत लो," तो म्हणाला, "लकीर मैं स्केच पेन से डाल देता हूँ." मी त्यांना विचारलं, "भाऊसाहेब, हे तर आफ्रिकेतले. तुमच्या दरबारचे कुठं?" त्यांनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "राजा दत्तक आला तरी राजाच असतो, पाहुणे."

मग आम्ही निघालो. अठ्ठ्याहत्तरावं वर्ष सुरू होतं आणि त्यांचे गुडघे पुढच्या हिवाळ्याचं वचन द्यायला तयार नव्हते. ताई म्हणाल्या, "एकदाचा दाखवून आणू या. नाही तर कागदापुढेच जन्म जायचा." चित्ते सोडलेलं ते अभयारण्य पार एकीकडे. शेवटच्या दोन तासांत चहाची टपरीसुद्धा नाही. नुसती लाल माती, खैराची आणि करधईची झाडं आणि गुडघाभर वाळलेलं गवत. पहाटे उघड्या जिप्सीपाशी साडू अवतरले ते बंद गळ्याचा कोट आणि केशरी साफा घालून. गाइड बघतच राहिला. "बाबूजी, बारात किसकी है?" ताईंनी आम्हाला ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "यांचीच. पंचेचाळीस वर्षं झाली, अजून घोड्यावरून उतरले नाहीत."

तीन तास आम्ही धूळ खाल्ली. नीलगायी दिसल्या, एक चिंकारा दिसला, मोर तर इतके दिसले की त्यांच्याकडे बघणं आम्ही बंद केलं. आणि एकदम गाइडनं जिप्सी थांबवली. "वो रहा," तो पुटपुटला, "करधई के नीचे."

साडू उठले. दांडा धरून त्यांनी कोट सारखा केला, डोळे मिटले आणि वाकले.

"अहो, पहिले बघून घ्या ना!" ताई कुजबुजल्या.

"चूप. आधी मुजरा."

पहिला झाला. दुसरा झाला. "भाऊसाहेब, बघा!" मी त्यांची बाही ओढली. ती त्यांनी सोडवून घेतली. तिसरा मुजरा सगळ्यांत खोल असतो. त्यात गुडघा अडकला. तो सुटेपर्यंत जेवढा वेळ लागला तेवढा चित्त्याला पुरला. साडूंनी डोळे उघडले तेव्हा करधईखाली फक्त करधईची सावली होती.

"कुठंय?"

"गया, बाबूजी," गाइड हळू आवाजात म्हणाला. "आप झुके हुए थे."

माझ्या जिभेवर एक विनोद आला होता. तो तिथंच मेला. आम्ही आणखी तासभर थांबलो. गवत हललं ते वाऱ्यानंच. साडूंनी साफा काढून मांडीवर ठेवला आणि ते त्यावरची धूळ बोटानं झटकत राहिले.

परतताना साडू म्हणाले, "तुम्ही पाहिलात ना?"

खरं सांगायचं तर त्यांच्या वाकलेल्या पाठीवरून मला एक कान आणि पिवळसर अंगाचा हातभर तुकडा दिसला होता. मी आयुष्यभर सत्कारांची भाषणं, वंशावळी आणि प्रवासवर्णनं यांतलं एक अक्षर खरं मानलेलं नाही. तो मी घसा साफ केला.

"पाहिला तर! उभा होता. तुमच्याकडेच बघत होता. तुम्ही तिसऱ्यांदा वाकलात ना, तेव्हा त्यानं मान जरा खाली केली."

"खरंच?"

मी ताईंकडे पाहिलं नाही. पण मागून त्यांचा आवाज आला, "हो ना. मी पण पाहिलं."

"म्हणजे ओळखलं त्यानं," साडू स्वतःशीच म्हणाले. मग सीटला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. "पाहुणे, परत सांगा. आरामात. सुरुवातीपासून."

मी पुन्हा सांगायला घेतलं. या खेपेला चित्ता दोन पावलं जवळ आला.