दुसरं बटण

साहेबराव घुगे आणि मी पंधरा वर्षांत एकदाही एका टेबलावर जेवलो नव्हतो. दर दिवाळीला मी त्याच्या निघोज्याच्या खोलीवर जायचो, फराळाचा डबा ठेवायचो आणि काहीतरी कारण काढून चहावरच उठायचो. त्यालाही ते बरंच वाटत असावं, कारण तो चारचौघांत जेवायचा नाही. लग्नात अक्षता पडल्या की पंगत बसायच्या आत स्वारी घरी. उजव्या हाताला एकटा अंगठा उरलेला, आणि डाव्या हातानं लोकांसमोर खायची त्याला लाज वाटे.

त्याची बोटं गेली तेव्हा मी चाकणच्या त्या प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर होतो. शॉपमध्ये साहेब मी आणि नावात साहेब तो, यावरून त्याची फार टिंगल व्हायची. केजहून आलेला, अंगानं किरकोळ, पण कामात त्याच्या पासंगाला पुरेल असा ऑपरेटर माझ्याकडे दुसरा नव्हता.

प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनला, दोन बटणं असतात. दोन्ही हात एकाच वेळी दोन्ही बटणांवर असल्याशिवाय मशीन खाली येत नाही, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. पण त्यात वेळ जातो. म्हणून आमच्याकडे एक उद्योग सर्रास चालायचा. एक बटण सायकलच्या ट्यूबनं कायमचं दाबून बांधायचं, की एक हात मोकळा. त्या दुपारी गेटवर ट्रक उभा होता, माल पुरा होत नव्हता आणि वरून फोनवर फोन येत होते. साहेबराव बटण बांधायला तयार नव्हता. मी चिडलो, त्याच्यादेखत स्वतः ट्यूब गुंडाळली आणि म्हणालो, तासाभराचा तर प्रश्न आहे. चाळीस मिनिटांनी त्याची चार बोटं गेली.

चौकशीचे अधिकारी हॉस्पिटलमध्ये आले तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. साहेबरावनं सांगितलं, बटण मीच बांधलं. माझ्या बायकोला, नीलिमाला, तेव्हा सातवा महिना होता आणि हे त्याला माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही. पुढं कंपनीनं त्याला गेटवर बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहायची होती, म्हणून अडतिसाव्या वर्षी तो पाचवीतल्या लेकीच्या शेजारी बसून डाव्या हातानं अक्षरं गिरवायला शिकला. इकडं माझी बढती झाली, संत तुकाराम नगरात फ्लॅट झाला. माझं सगळं सुरळीत झालं आणि त्याचीच मला शरम वाटत आली.

तीच लेक, योगिनी, आता एका मोठ्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. परवा तिला तिन्ही प्लांटच्या ट्रेनिंगची जबाबदारी मिळाली, म्हणून तिनं वडिलांना आणि मला पिंपरीतल्या एका लेबनीज हॉटेलात जेवायला नेलं. तुम्ही बाबांना सांभाळून घेतलंत काका, तुम्ही पाहिजेतच, असं ती फोनवर म्हणाली. मी गेलो.

मला वाटलं होतं, काटेचमचे असतील, साहेबरावचं निभावेल. तर तिथं सगळंच हातानं. मधोमध हमसचं ताट, म्हणजे काबुली चण्याचं गुळगुळीत वाटण आणि वर तेल. शेजारी आपल्या वांग्याच्या भरताचं भावंड शोभेल असा एक पदार्थ, आणि टोपलीत गरम पिटा, म्हणजे नानसारखी जाड रोटी. ज्यानं त्यानं तुकडा तोडायचा आणि सगळ्यांनी एकाच ताटात बुडवायचा. साहेबरावनं पिटा उजव्या तळव्याखाली दाबून डाव्या हातानं तोडला आणि तुकडा धरून थांबला. डावा हात सगळ्यांच्या ताटात घालणं त्याच्यानं होईना. त्यानं तो तुकडा कोरडाच खाल्ला. मग फलाफल आले, ते डाळवड्यासारखे लागतात म्हणाला आणि पुन्हा कोरडा पिटा घेतला.

योगिनी आपल्याच नादात होती. मोबाइल काढून तिनं ट्रेनिंगची पहिली स्लाइड दाखवली. साहेबरावच्या हाताचा फोटो होता आणि खाली ओळ होती, 'ऑपरेटरने स्वतः बटण बांधले होते.' हे माझे वडील आहेत असं मी सांगते तेव्हा हॉल चिडीचूप होतो, ती म्हणाली. थोड्या घाईपायी त्यांनी घरादाराचा विचार केला नाही, असंही ती सांगते. फोटो वापरायची परवानगी बाबांनीच दिली होती.

साहेबराव मान डोलावत पिटा चावत होता. मला ते बघवेना.

"योगिनी, ते बटण मी बांधलं होतं," मी म्हणालो. "तुझे वडील नको म्हणत होते."

ती आधी हसली, मग तिनं वडिलांकडे पाहिलं. साहेबरावनं घास गिळला, घोटभर पाणी घेतलं. तो माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं, पण तो नुसता थकलेला दिसला.

"बटण साहेबांनी बांधलं," तो म्हणाला. "हात म्या घातला."

इतकी वर्षं खोटं का सांगितलंत, असं तिनं विचारलं.

"त्येंचं लेकरू व्हायचं व्हतं. अन् खरं बोलून बोटं काय माघारी येणार व्हती?"

योगिनीनं मोबाइल पालथा ठेवला. तीन वर्षं मी शेकडो कामगारांसमोर माझ्या बापाला निष्काळजी म्हणत आलेय, एवढंच ती हळू आवाजात बोलली. तिचे डोळे भरून आले होते. मी माफी मागायला लागलो, ती तिनं ऐकून घेतली नाही. तिचं लक्ष वडिलांच्या ताटलीकडे गेलं होतं. तिथं पिटाचा चुरा तेवढा पडला होता. तिनं हमसचं ताट उचलून त्यांच्या एकट्यासमोर ठेवलं. साहेबराव जरा घुटमळला, मग त्यानं डाव्या हातानं तुकडा बुडवला.

"सोमवारी नऊ वाजता ट्रेनिंग आहे, काका," ती म्हणाली. "दीडशे माणसं असतील. स्लाइडवरचा फोटो मी हटवणार नाहीये. तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहा आणि आत्ता बोललात ते सगळ्यांना सांगा."

पुढच्या वर्षी मी रिटायर होतोय. चाकणमधले निम्मे लोक मला नावानिशी ओळखतात, मान देतात. मी साहेबरावकडे पाहिलं. जाऊ दे पोरी, असं तो आत्ता म्हणेल, अशी माझी खात्रीच होती.

साहेबराव जेवत राहिला. त्यानं मान वर केली नाही.

मी योगिनीला म्हणालो, सोमवारी येतो.