आत्या माझी कादंबरी वाचते

माझी पहिली कादंबरी आली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. एका परीक्षणात मला 'नव्या दमाची लेखिका' म्हटलं होतं. ते कात्रण पर्समध्ये घालून मी पाणीपुरवठा कार्यालयाचे जिने चढले आणि माझ्या तक्रारखिडकीमागे धापा टाकत बसले. पहिल्याच माणसाने मला आधी पाणी प्यायला सांगितलं, मग पाणी येत नसल्याची तक्रार केली.

कादंबरी एका हरवलेल्या मुलीची होती. ती मुलगी म्हणजे मीच, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं फार नव्हतंच. मी उभ्या आयुष्यात जेमतेम एक दुपार हरवले होते, आणि तेही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एवढ्याशा भांडवलावर मी जाडजूड पुस्तक उभं केलं, त्यात धुकं घातलं, रिकामे रस्ते घातले, दर प्रकरणात एक खिडकी घातली. प्रकाशक खूश झाले. फक्त मुलगी शेवटी सापडू देऊ नका म्हणाले, सापडली की वाचकाला रुखरुख लागत नाही.

भीती मला एकाच वाचकाची होती, ती म्हणजे आत्याची.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिची लॉन्ड्री आहे. गल्लीत तिला सगळे 'पावतीबाई' म्हणतात, कारण पावती दाखवल्याशिवाय ती कुणाला कपडा देत नाही. माझ्या वडिलांना, म्हणजे सख्ख्या भावालाही, एकदा मुलाखतीला जायच्या दिवशी तिने पावती आणायला घरी पिटाळलं होतं. बुटकी, रुंद, बोलणं मोजकं. इस्त्रीच्या वाफेने तिच्या कपाळावरचे केस कायम ओलसर असतात. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर ती समोरच्याच्या शर्टाची कॉलर बघायला लागते आणि तो माणूस गप्प होतो.

दुकानाच्या मागच्या खोलीत एक लांब दांडी आहे. लोक धुवायला टाकतात आणि न्यायला विसरतात ते कपडे तिथे टांगलेले असतात. बाकीचे लॉन्ड्रीवाले दोन-चार महिने वाट बघून असे कपडे विकून टाकतात, निदान गिऱ्हाइकाच्या घरी निरोप तरी धाडतात. आत्या दोन्ही करत नाही. ज्याला हवंय तो येईल, असं तिचं म्हणणं. आणि येईपर्यंत ती ते कोट, साड्या, सदरे अधूनमधून बाहेर काढते, ब्रश मारते, ऊन दाखवते, परत टांगते. कुणाच्या मागे लागणं तिच्या स्वभावातच नाही. धंद्यात ती यामुळे मागे राहिली हे सगळ्या नातेवाइकांचं एकमताने ठरलेलं आहे.

आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. वडिलांची नोकरी फिरतीची, त्यामुळे मीही फिरती झाले. आधी मामाकडे, मग मावशीकडे, मग काही दिवस शेजारच्यांकडे. प्रत्येक घरी माझी पिशवी उघडायची की नाही यावर मोठ्या माणसांची हळू आवाजात चर्चा व्हायची. शेवटी वडिलांनी मला आत्याकडे आणून सोडलं. आत्याने माझ्याकडे पाहिलं, फ्रॉकची उसवलेली शिवण पाहिली आणि म्हणाली, तो काढून दे. स्वागत म्हणावं असं एवढंच.

मला वाटायचं, ही बाई विसरलेले कपडे ठेवते तसं आपल्यालाही ठेवून घेईल, पण आपण असलो काय नि नसलो काय, तिचं काही अडणार नाही.

मग एक दिवस मोठी काकू आली. मोठी काकू जिथे जाते तिथला कारभार हातात घेते. तिने आत्याला सुनावलं की मुलगी आता मोठी व्हायला लागली, हे दुकान, ही वाफ, ही येणारी-जाणारी माणसं, तुला एकटीला झेपणार नाही, मी आज तिला घेऊनच जाते. मी दाराआड उभी होते. आत्या आता काहीतरी ठणकावून बोलेल म्हणून मी कान टवकारले. आत्या म्हणाली, "तिला विचारते." बस्स. भाजीवालीने सुट्टे पैसे आहेत का विचारावं तशा आवाजात.

मला संताप आला. मी मागच्या खोलीत गेले आणि त्या दांडीवरच्या कपड्यांच्या मागे, भिंतीला टेकून बसले. आता शोध म्हटलं. आता तुझी पळापळ होऊ दे, शेजारीपाजारी जमू देत, कुणीतरी पोलिसांत जाऊ दे. माझ्या डोळ्यांसमोर गल्लीभर माझ्या नावाच्या हाका घुमायला लागल्या होत्या. त्या हाका मी मनातल्या मनात इतक्या छान रचल्या की मलाच रडू आलं. लेखिका होण्याची लक्षणं तेव्हाच दिसली होती म्हणायची.

प्रत्यक्षात काय झालं? काही नाही. धुलाईचं यंत्र घरघरत होतं. मधेच ते थांबलं तेव्हा काकूचा आवाज आला, पोरगी गेली कुठे. आणि आत्याचा शांत आवाज, "बाहेर गेली असेल. येईल." यंत्र परत सुरू झालं. दुपार टळली. माझे पाय बधिर झाले, भूक लागली, समोरच्या कोटाच्या अस्तराचा वास नाकात बसला. हाक एकही आली नाही. शेवटी काकूच्या चपला तणतणत गेल्याचं ऐकलं तेव्हा मी मागच्या दाराने निघाले, गल्लीला वळसा घातला आणि मोठ्या ऐटीत पुढच्या दाराने दुकानात शिरले. मैत्रिणीकडे गेले होते म्हणाले. आत्याने इस्त्री उभी ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, हातपाय धू, जेवायला बस.

तेव्हापासून ही गोष्ट माझ्या घशात अडकलेली होती. मी हरवले आणि मला कुणी शोधलं नाही. काकूने माझा नाद सोडला तोही मी इतकी उंडारते म्हणून, असं मी धरून चालले. पुढे मी तिथेच वाढले, शिकले, नोकरीला लागले, दोन गल्ल्या पलीकडे स्वतःची खोली घेतली. आत्याशी भांडण असं कधीच झालं नाही. रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की दुकानात चहाला जायचे. पण मैत्रिणी आपापल्या आयांच्या तक्रारी सांगायला लागल्या की मी माझी ती दुपार काढायचे, आणि सगळ्यांच्या आया त्यापुढे फिक्या पडायच्या. माझं हुकमी पान होतं ते.

कादंबरीत मी मोठ्या हुशारीने लॉन्ड्रीचं शिंपीकाम केलं आणि आत्याची मावशी केली. ती उंच आणि सडपातळ केली, म्हणजे कुणाला संशय नको. मुलगी कापडाच्या ताग्यांमागे लपते, मावशी बटणं निवडत बसते, शोधत नाही. मुलगी मागच्या दाराने जाते ती जातेच. परीक्षणात त्या मावशीचं फार कौतुक झालं होतं. 'इतकं थंडगार पात्र अलीकडे वाचनात आलं नाही' असं एका जाणकाराने लिहिलं, आणि ते वाक्य मी ऑफिसात तीन टेबलांवर वाचून दाखवलं.

आत्याला मी प्रत दिली नव्हती. तुझ्या डोळ्यांना ताण नको, असं एक कारण तयार ठेवलं होतं. पण तिच्या गिऱ्हाइकांत शाळेतल्या एक बाई आहेत. त्यांनी पावतीबरोबर पुस्तकही काउंटरवर ठेवलं आणि सांगून गेल्या की भाचीने छान लिहिलंय, तुम्हीही आहात त्यात. संध्याकाळी मी चहाला गेले तर पुस्तक इस्त्रीच्या टेबलावर, आणि पहिल्याच पानांत खुणेला एक कोरी पावती. माझं धाबं दणाणलं.

आत्या गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात वाचायची. चार पानं, की कुणी चादरी घेऊन यायचं. मला रोज ती पावती पुस्तकात किती आत सरकली ते दिसायचं, आणि चहा गोड लागेनासा व्हायचा. मी मुद्दाम विषय बदलायचे, पाण्याच्या पाइपांबद्दल बोलायचे. ती हं हं करायची. मधेच एखादा शेरा मारायची. या पोरीला भूक लागत नाही का गं, सारखी खिडकीतच उभी असते. धुक्याची पानं मी सोडली, धुकं आहे एवढं कळलं. मी मान डोलवायचे. धुक्यावर माझे सहा महिने गेले होते.

लपण्याचं प्रकरण पुस्तकाच्या साधारण मध्यावर आहे. पावती तिथवर आलेली दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून निघताना डोकं दुखतंय असं स्वतःलाच सांगून बघितलं. मग गेलेच. न जाणं हेही एक उत्तर झालं असतं. खरं सांगते, मला तिने रागवायला हवं होतं. कृतघ्न म्हणायला हवं होतं. म्हणजे मला म्हणता आलं असतं, मग का नाही शोधलंस? तो प्रश्न कादंबरीभर मी विचारला होता, फक्त तिला कधी विचारला नव्हता.

ती एका पांढऱ्या शर्टाची बाही दाबत होती. पुस्तक बंद होतं आणि पावती त्याच्यावर ठेवलेली. एका रात्रीत उरलेलं सगळं वाचून झालं होतं. मी आपली उभीच राहिले.

"शोधलं नाही असं लिहिलंयस ते खरंच आहे," ती म्हणाली. "तू कुठे आहेस ते मला माहीत होतं. करड्या कोटाखालून तुझे पाय दिसत होते."

मी विचारलं, मग हाक का नाही मारलीस? माझा आवाज अकरा वर्षांच्या मुलीसारखा निघाला, आणि त्याची मला लाजही वाटली नाही.

तिने बाही उलटी केली. "हाक मारली असती तर आली असतीस. त्या वर्षी जो तो तुला हाताला धरून कुठे ना कुठे नेत होता. तुला कुणी विचारलं होतं का? म्हटलं, एकदा तरी हिची ही येऊ दे. आली तर आपली. नाही आली, काकूबरोबर निघाली, तर तीही तिची मर्जी."

मग बाकीचंही तिच्याकडून कळलं. काकू मागे बघायला निघाली होती, तिला आत्याने दारातच अडवलं होतं. मागच्या खोलीत बाहेरच्यांना जाऊ देत नाही म्हणाली. मोठ्या काकूला 'बाहेरचे' म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. काकू तणतणत गेली ती पुढे दोन वर्षं बोलली नाही. आत्या त्या दुपारी जेवली नव्हती. इस्त्री हातात धरून होती, पण केलं काहीच नव्हतं. मागच्या दाराचा आवाज आला तेव्हा तिला वाटलं, गेली पोरगी. उठून बघायचं धाडस झालं नाही म्हणाली.

"आणि मग तू पुढच्या दाराने आलीस," ती म्हणाली. "मैत्रिणीकडे होते म्हणालीस. मी म्हटलं, असू दे. आली ना."

हे सांगताना ती हसत होती. आत्या हसली की तिच्या हनुवटीला खळी पडते, ती मी इतक्या वर्षांत फारशी पाहिली नव्हती. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस म्हणून मी जो मैत्रिणींत, मग छापून गावभर मिरवला, तो ती मनात जपून बसली होती. मला भडभडून आलं. मी काउंटरला धरून रडले, आणि एक गिऱ्हाईक पावती हातात घेऊन दारातच थांबलं. आत्याने त्याला त्याचा सूट दिला, मोड नाही म्हणून दुसऱ्या दुकानात पाठवलं, आणि मग परत शर्टाकडे वळली.

मी डोळे पुसत म्हणाले, दुसरी आवृत्ती निघाली तर मी ते प्रकरण बदलते. मला माझं मोठं मन फार आवडलं. पहिलीच आवृत्ती अजून प्रकाशकांच्या पलंगाखाली आहे, ते मी तिला सांगितलं नाही.

तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शर्टाची घडी घातली, बाजूला ठेवली. मग पुस्तकावर हात ठेवून, अगदी साधी चौकशी करावी तसं तिने विचारलं,

"पुस्तकातली ती मावशी. पोरगी येतच नाही ना शेवटपर्यंत. मग ती रोज दुकान बंद करून एकटीच घरी जाते का गं?"

मुलगी गेल्यानंतर ती कुठल्या कुठल्या रस्त्यांनी गेली, ते मी पानंच्या पानं लिहिलं होतं. मावशीचं पुढे काय झालं याचा मी विचारच केला नव्हता.