फायबरचं तुणतुणं

भोंगवलीच्या कुंडलिकला गावानं आयुष्यभर साहेबराव शाहिरांचा धाकटा भाऊ म्हणूनच ओळखलं, आणि त्यालाही त्यात कधी कमीपणा वाटला नाही. थोरले पुढे उभे राहून बाबासाहेबांची गाणी म्हणायचे, हा मागे उभा राहून ध्रुपदाची झील ओढायचा आणि तुणतुणं वाजवायचा. शिवणीच्या लाकडाचं ते तुणतुणं त्याच्या वडलांनी वेल्ह्याकडच्या एका सुताराकडून कोरून घेतलं होतं. कुंडलिकच्या हाताच्या घामानं ते काळं तुळतुळीत झालं होतं. घरात दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला त्याला खपायचा नाही, बायकोनं, अंजनानं, झाडताना हलवलं तरी हा आरडाओरडा करायचा.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात साहेबराव काविळीनं गेले. आणि तिथं एक घोटाळा झाला, तो एका फोटोमुळं.

जलसा पार्टी नावारूपाला आल्यावर साहेबरावांनी भोरला जाऊन फोटो काढून घेतला होता. फोटोवाला मोठा हौशी. डफ धरला की फेट्याचा शेमला झाकतो, म्हणून त्यानं डफ बाजूला ठेवायला लावला आणि कुंडलिकचं तुणतुणं शाहिरांच्या हातात दिलं. साहेबरावांना तुणतुण्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण फोटोत ते असे दिसले की जन्मल्यापासून तेच वाजवत असावेत. हाच फोटो पुढं दारादारात लागला, आणि गाणी न ऐकलेले पाव्हणेरावळेही शाहिरांना तुणतुण्यासकट ओळखू लागले.

त्या दिवशी पंचशील म्हणून झालं, सरण रचलं, आणि लांबून आलेल्या एका पाव्हण्यानं घरातून तुणतुणं आणून साहेबरावांच्या छातीवर ठेवलं. “शायराचं हत्यार शायरासंगं जाऊ द्या,” तो म्हणाला. लोकांचे डोळे भरून आले. कुंडलिक दोन हातांच्या अंतरावर उभा होता. ‘माझं हाय ते’ एवढंच म्हणायचं होतं. पण भाऊ सरणावर असताना लाकडाच्या तुकड्यासाठी तोंड कसं उघडायचं? त्यानं उघडलं नाही. तार तुटल्याचा आवाज त्याला जाळातूनही ऐकू आला.

त्यानंतर तो रडला नाही. रडायला नकार दिला असंही नाही, रडू आलंच नाही. दाढ काढण्याआधी सुई टोचल्यावर गाल बधिर होतो, तसा तो आतून झाला होता. जेवायचा, भांगलायला जायचा, कुणी बोललं तर व्हय न्हाई म्हणायचा. वहिनी जाईबाईंनी बरेच दिवस वाट पाहिली आणि मग बायकांत बोलून दाखवलंच, “सख्खा भाऊ गेला, न् ह्यांच्या डोळ्याला टिपूस न्हाई. त्यांच्या जिवावर मिरवलं, आन् आता?” ते अंजनानं घरी येऊन सांगितलं. कुंडलिकला रागही आला नाही. त्याला वाटलं, वैनी खोटं कुठं बोलतात? आपल्याला खरंच काही होत नाही. माणूस म्हणून आपल्यात काही खोट असावी, ह्याची मात्र त्याला मनातून भीती वाटायला लागली.

जाईबाईंचा मुलगा रतन पुण्यात एका कारखान्यात होता. तिथं काचेच्या धाग्यांचं कापड साच्यावर अंथरायचं, त्यावर चिकट रसायन चोपडायचं, की वाळून ते लाकडापेक्षा हलकं आणि चिवट व्हायचं. फायबर म्हणत त्याला. सणाच्या सुट्टीत रतन आला तो पिशवीतून तुणतुणं घेऊन. खुंटी सोडली तर त्यात लाकूड नावाला नव्हतं, आणि बुडाला कातडंही नव्हतं, तिथंही फायबरचाच पातळ पापुद्रा. रंग बादलीसारखा हिरवा.

“नाना, वाजवून तर बगा.”

कुंडलिकनं तार छेडली. आवाज खणखणीत होता. वाईट असता तर बरं झालं असतं, फेकून तरी देता आलं असतं.

“उन्हानं चडायचं न्हाई, गारव्यानं उतरायचं न्हाई,” रतन हौसेनं सांगत होता. “एकदा लावलं की लावलं.”

“बेस हाय,” कुंडलिक म्हणाला. पोराचा चेहरा पडलेला त्याला दिसला.

जयंतीला किकवीकरांचं बोलावणं आलं. साहेबराव नाहीत तर धाकट्यानं पुढं उभं राहावं, असा पार्टीनं आग्रह धरला. कुंडलिक उभा राहिला. कर्णा बांधला होता, मंडप भरला होता, पांढऱ्या लुगड्यातल्या बायकांत जाईबाईही येऊन बसल्या होत्या. दिवस मावळता मावळता पहिलं गाणं झालं. बिनचूक झालं. टाळ्या पडल्या, आणि त्याचा हात सवयीनं खुंटीवर गेला.

प्रत्येक गाण्यानंतर तो हात तिथं जायचाच. जुनं तुणतुणं एका गाण्यात उतरायचं. कुंडलिक मान वाकवून तार लावायचा, आणि तेवढ्या वेळात साहेबराव लोकांशी बोलायचे. “आमचा धाकटा तारंशी भांडतुया, तवर तुमी माज्याशी भांडा,” अशी सुरुवात करून ते गावच्या पुढाऱ्यापासून स्वतःच्या बायकोपर्यंत सगळ्यांची फिरकी घ्यायचे. लोक गाण्याइकतीच त्याचीही वाट बघायचे.

आता कुंडलिकनं कान लावला. तार जागच्या जागी होती. लावण्यासारखं काही नव्हतं. दुसरं गाणं सुरू करायला हरकत नव्हती, ढोलकीवाला त्याच्या तोंडाकडं बघत होता.

त्यानं खुंटी उलटी पिळली आणि चांगली लागलेली तार स्वतःच्या हातानं उतरवली. मग मान वाकवून पुन्हा लावू लागला, अगदी सावकाश. कुंडलिक तार लावत राहिला. बराच वेळ झाला तरी कुणी बोलेना, तेव्हा त्यानं मान वर न करता डाव्या अंगाला, साहेबराव उभे राहायचे तिकडं, म्हटलं, “बोला की, दादा.”

कर्ण्यातून ते हमरस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

मग बायकांतून जाईबाई उठल्या, वाट काढत पुढं आल्या आणि चौथऱ्याच्या काठाशी उभ्या राहिल्या. “भावजी,” त्या म्हणाल्या, “आता न्हाई बोलायचे ते.”

कुंडलिकनं त्यांच्याकडं पाहिलं. हे त्याला ठाऊक होतं, तिरडीला खांदा त्यानंच दिला होता. तरी त्याला ते आत्ता कळलं. तो तिथंच खाली बसला आणि भर मंडपात हंबरून रडायला लागला.