थोडं कमी खरं

मोठ्या बाईंना कुठंही शाळेच्या वयाचं मूल दिसलं की त्यांचा हात पर्समध्ये जायचा. आता चॉकलेट निघणार म्हणून ते मूल आशेनं बघायचं आणि पर्समधून निघायचा बिस्किटाच्या पुड्याचा कागद, नाहीतर कुणाची तरी लग्नपत्रिका. "वाच बघू," बाई म्हणायच्या. एसटीत शेजारी बसलेल्या बाईचा मुलगा असो, मंद्रूपच्या बाजारात भाजीवाल्याची मुलगी असो, कुणाची सुटका नव्हती. आमच्या शाळेची पोरं तर बाजाराच्या दिवशी त्या दिसल्या की कांद्याच्या पोत्यांमागे दडायची. एकदा एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या भाच्याला मांडवाच्या कमानीवरची नावं वाचायला लावली होती. त्याला ती आली नाहीत, आणि बाई जेवताना ताटातलं नुसतं चिवडत बसल्या.

मी विचारलं, "बाई, काय झालं?"

"तो हसला गं," त्या म्हणाल्या. "ज्याला येत नाही ते मूल आपल्याकडं बघून हसतं. ज्याला येतं ते हसत नाही, त्याचे ओठ हलायला लागतात."

मंद्रूपच्या पुढच्या एका गावात आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते सातवी. मोठ्या बाई तिथल्या मुख्याध्यापिका. मूळच्या मंगळवेढ्याच्या, मिस्टर फार लवकर गेले, मुलगी लग्न होऊन पुण्याला, आणि बाई सोलापुरात दोन खोल्यांत एकट्या. उंच, किरकोळ अंगाच्या, इस्त्रीची सुती साडी. माझी पहिलीच नेमणूक त्यांच्या हाताखाली झाली. माझं सासर मंद्रूपचं. सकाळी सोलापूरहून येणाऱ्या एसटीत मी मंद्रूपला चढायची तेव्हा खिडकीजवळ बाई आणि शेजारच्या सीटवर माझ्यासाठी ठेवलेली त्यांची पिशवी, हे ठरलेलं होतं.

शाळेतले बाकीचे सगळे शिक्षक सोलापूरहून मिळून भाड्यानं ठरवलेल्या एका गाडीनं यायचे. बाईही पूर्वी त्याच गाडीनं यायच्या, कारण मोठ्या बाई होण्याआधी त्या याच शाळेत कितीतरी वर्षं साध्या शिक्षिका होत्या. गाडीत त्यांची जागा शैलाबाईंच्या शेजारी. दोघींची मैत्री साऱ्या तालुक्याला ठाऊक. एकमेकींच्या बाळंतपणाला धावलेल्या, एकीच्या घरी पाहुणे आले की दुसरीनं भाकऱ्या थापून नेलेल्या. शैलाबाई त्यांना 'कुसुम' म्हणून हाक मारायच्या. शाळेत त्यांना नावानं हाक मारणारं ते एकच माणूस.

बढती मिळाल्यावर बाईंच्या लक्षात आलं की गाडी रोज उशिरा पोचते. परिपाठाला मुलंच उभी राहतात, मुलंच प्रार्थना म्हणतात आणि मुलंच 'विश्राम' म्हणून मोकळी होतात. इतकी वर्षं त्या स्वतः त्याच गाडीत होत्या, त्यामुळे ते दिसलं नव्हतं. त्यांनी गाडीत विषय काढला, "जरा लवकर निघू या की." सगळे हो म्हणाले, चार दिवस लवकर निघाले, आणि पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं. मग एका सोमवारी बाई गाडीच्या थांब्यावर गेल्याच नाहीत. एसटीनं आल्या.

"त्यांना दोन शब्द सुनवायचे की," मी नवी होते, मला सोपं वाटायचं.

"गाडीत बसले की मी मैत्रीण असते," बाई म्हणाल्या. "मैत्रिणीला उशीर का झाला म्हणून विचारता येत नाही. आणि विचारायला तर पाहिजे."

गाडी वेळेवर यायला लागली, हे खरं. पण त्याच आठवड्यापासून शैलाबाई त्यांना 'मॅडम' म्हणायला लागल्या. पहिल्यांदा 'मॅडम' ऐकलं तेव्हा बाई फळ्यावर सुविचार लिहीत होत्या. खडू तिथंच थांबला. मग त्यांनी ओळ पूर्ण केली आणि हात झटकून ऑफिसात गेल्या.

त्या पावसाळ्यानंतर बाईंनी एक काम काढलं. तिसरीपासून सातवीपर्यंतचं एकेक मूल व्हरांड्यात बोलवायचं आणि दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला द्यायचा. शिक्षकांना आधी त्यात काही वाटलं नाही. मुख्याध्यापक नवे असले की असं काहीतरी करतात. मग सुरेखाची पाळी आली.

सुरेखा सहावीतली, शैलाबाईंच्या वर्गातली. घरी कानडी बोलणारी. हुशार म्हणून तिचं नाव होतं. साहेब तपासणीला आले की शैलाबाई तिलाच उभं करायच्या आणि ती धडा न अडखळता म्हणायची. बाईंनी तिच्यापुढं पुस्तक धरलं. ती घडाघडा म्हणू लागली. बाईंनी मध्येच हळूच पान उलटलं. सुरेखाचा धडा थांबला नाही. समोर वेगळंच पान, चित्रसुद्धा वेगळं, आणि ही मागच्याच धड्यातलं शेवटपर्यंत म्हणत गेली. मी दारात उभी होते. बाईंनी पुस्तक मिटलं, तिला जवळ घेतलं आणि तिच्याशी कानडीत बोलत बसल्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही. पोरगी आधी लाजली, मग बाईंच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत रडायला लागली.

दुपारी त्यांनी शैलाबाईंना बोलावलं.

"शैला, सुरेखाला वाचता येत नाही."

"येतं की. अख्खं पुस्तक पाठ आहे तिला."

"तेच म्हणतेय मी. सगळं पाठ करून ठेवलंय तिनं. अक्षर ओळखत नाही."

शैलाबाईंचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे मी शिकवलंच नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"माझ्याकडं तिसरीत होती ती," बाई म्हणाल्या. "मीसुद्धा शिकवलं नाही."

हे दुसरं वाक्य शैलाबाईंना ऐकूच गेलं नसावं. त्या उठून गेल्या होत्या.

महिन्याच्या शेवटी परिसरातल्या सगळ्या शाळांची बैठक होती. मीही गेले होते. एकेक मुख्याध्यापक उठायचे, आपल्या शाळेत किती मुलांना वाचन येतं ते सांगायचे आणि बसायचे. कुणाच्याच शाळेत अडचण नव्हती. सगळीकडं जवळपास सगळ्यांना येत होतं. बाई उठल्या.

"आमच्या शाळेत निम्म्या मुलांना वाचता येत नाही."

केंद्रप्रमुख म्हणजे या सगळ्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब; स्वभावानं चांगले होते. त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "बाई, गेल्या वर्षी तर तुमची शाळा पूर्ण प्रगत होती."

"गेल्या वर्षी आम्ही तसं लिहिलं होतं. यंदा मुलांना विचारलं."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. बाई बसल्या. चहाच्या वेळी इतर मुख्याध्यापक घोळक्यानं उभे होते आणि बाई कप घेऊन कडुनिंबाखाली. केंद्रप्रमुख त्यांच्याजवळ गेले. "बाई, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण मांडलं तुम्ही एकट्यांनी. आता सगळं तुमच्यावरच येणार."

तसंच झालं. वरून खुलासा मागवला गेला. मग तपासणी आली, मग आणखी एक. बैठकीत कुणाला झापायचं असलं की आमच्या शाळेचं नाव निघायचं. शिक्षक बाईंशी कामापुरतं बोलू लागले. त्यांचंही मला समजत होतं. नातेवाइकांत, लग्नकार्यात त्यांना विचारलं जायचं, "ती न वाचणाऱ्यांची शाळा तुमचीच का?"

पण बाईंना खरं लागलं ते गावाचं. शाळेच्या समितीचे अध्यक्ष, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एके दिवशी ऑफिसात येऊन बसले. त्यांच्या वाडीवस्तीतल्या काही जणांनी पोरांना काढून पिवळ्या गाडीच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं.

"बाई, तुमीच म्हनताय पोरास्नी वाचता येत न्हाय. मग आमी हितं कशाला ठिवायची?"

"अण्णा, पोरं जातील म्हणून मी खोटं बोलू का?"

"खोटं नगा बोलू." अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, विचार केला. "पर थोडं कमी खरं बोला की."

बाईंना हसू आलं. अण्णाही हसले. ते गेल्यावर मात्र बाई बराच वेळ खिडकीतून बघत होत्या. बाहेर पिवळी गाडी धूळ उडवत चालली होती, आणि तिच्यात आमच्याच शाळेची चार पोरं मागच्या काचेतून आम्हाला हात करत होती. बाईंनीही हात केला.

त्यांनी पहिला तास बदलला. त्या तासाला इयत्ता नाहीत. ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे गट. सहावीतली मुलं तिसरीतल्यांबरोबर बसायची. त्यांना लाज वाटू नये म्हणून अगदी अक्षरापासून सुरू होणारा गट बाईंनी स्वतःकडं घेतला. "मोठ्या बाईंचा गट" म्हटलं की त्याला एक मान आला. व्हरांड्यात सतरंजीवर त्या मांडी घालून बसायच्या, कानडी घरातल्या मुलांना आधी कानडीत गोष्ट सांगायच्या, मग तीच मराठीत, आणि मग त्यातला एकेक शब्द जमिनीवर खडूनं. शिक्षकांनी सांगितलं तेवढं केलं, नाही म्हणाले नाहीत. पण शाळा सुटल्यावर उद्याच्या शब्दांच्या चिठ्ठ्या कापत बसलेल्या बाईंजवळ कुणी थांबायचं नाही. बाहेर गाडीचा हॉर्न वाजायचा. मी थांबायची, कारण आमची एसटी उशिरा होती.

एकदा त्या कात्री थांबवून म्हणाल्या, "मीना, मला वाटायचं, शाळा सुधारायची म्हणजे पोरांशी झगडायचं. पोरं तर लगेच तयार होतात गं." आणि पुढची चिठ्ठी कापायला घेतली.

सुरेखाला वर्ष लागलं. एका सकाळी बाईंचा गट सुटत होता. ही मागं राहिली आणि भिंतीवरच्या पोलिओच्या जाहिरातीपुढं जाऊन उभी राहिली. बोट ठेवून, अडखळत, तिनं दोन ओळी वाचल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ऐकत असल्याचं तिला माहीत नव्हतं. मग वळून म्हणाली, "बाई, हे मी पाठ केलं न्हाय. तरी कसं आलं?"

बाई नुसती मान हलवत राहिल्या. शैलाबाई पलीकडच्या वर्गाच्या खिडकीत होत्या. त्यांनी ऐकलं. त्या बाहेर आल्या, पाण्याच्या टाकीशी गेल्या, नळ सोडून किती तरी वेळ तोंड धूत राहिल्या. मला वाटलं, आता त्या येतील, 'कुसुम' म्हणतील. बाईही तिकडंच बघत होत्या. शैलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि वर्गात गेल्या.

बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी बहुतेक मुलं वाचत होती. सगळी नव्हेत, जी राहिली त्यांची नावं बाईंना पाठ होती आणि बैठकीत ती सांगायचीच म्हणून त्या गेल्या होत्या. पण तोवर वाचनाचं कुणी विचारेनासं झालं होतं. त्या वर्षी झाडं लावल्याचे फोटो पाठवायचे होते. बाईंचा नंबर आला तेव्हा केंद्रप्रमुखांच्या जागी आलेले नवे साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचे फोटो आले नाहीत अजून." बाई म्हणाल्या, "पाठवते." आणि खाली बसल्या. येताना एसटीत त्यांनी डोळे मिटून घेतले होते, पण झोपल्या नव्हत्या.

निरोपाच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला. मुख्य भाषण शैलाबाईंचं. बाईंचा नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा, अक्षर, सगळं त्या चांगलं बोलल्या. वाचनाबद्दल अवाक्षर नाही. कार्यक्रम संपल्यावर त्या बाईंजवळ आल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. दोघींच्याही ओठांवर काहीतरी होतं. बाहेरून गाडीवाल्यानं हाक दिली. शैलाबाई म्हणाल्या, "येते मॅडम," आणि हात सोडला.

पुढं शैलाबाईंनी सोलापूरजवळ बदली करून घेतली. शाळेचा प्रभार माझ्याकडं आला. कालपर्यंत मी ज्यांच्याबरोबर हसत होते त्या बाया मी ऑफिसातून आले की विषय बदलू लागल्या. पहिल्या महिन्यातच एका सरांना वर्गात मोबाईल बघू नका म्हणून सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे नमस्कार फार व्यवस्थित झाले.

एका रविवारी मी सोलापूरला बाईंकडं गेले. जाताना मनाशी ठरवलं होतं: गटांचं विचारायचं, पालक परत कसे आणायचे ते विचारायचं, वरच्या लोकांशी कसं बोलायचं ते विचारायचं. बाई बारीक झाल्या होत्या. घर स्वच्छ, शांत. टीव्हीवर कापड घातलेलं. मी सांगितलं, "बाई, मी आता तुमच्या खुर्चीत बसते." त्या अभिनंदन म्हणतील असं वाटलं होतं.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "दुपारचा डबा कुणाबरोबर खातेस?"

"ऑफिसातच," मी म्हणाले. "एकटीच."

"हं," बाई म्हणाल्या.

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी फडताळातून दुसरं ताट काढलं, पुसलं, ज्वारीची भाकरी मोडून वाढली, शेंगाची चटणी, दही, आणि मला म्हणाल्या, "बस." ओट्याशेजारी जमिनीवरच आम्ही बसलो. जे विचारायचं ठरवलं होतं त्यातलं मी काहीच विचारलं नाही, त्यांनीही शाळेचा विषय काढला नाही. मी सावकाश जेवत होते, आणि त्या माझ्याहून सावकाश.